गोल कडेचा लाकडी माळा: मॉडेलमध्ये पीळ कुठे हरवतो

वाई, मेणवली, सातारा या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांत माळा म्हणजे कडीपाट. बहाल म्हणजे मुख्य तुळई सरळ, त्यावरच्या आडव्या कड्या सरळ, वरचे पाट सरळ. लाकूड सरळ असलं की त्याला एकच काम पडतं, वाकायचं. त्याचा हिशेब सोपा आहे आणि पिढ्यान्पिढ्या सुतारांनी तो आकडेमोड न करता बरोबर केला. आता मात्र दिवाणखान्यावर पोटमाळा आणि त्याची पुढची कड गोल, असं आर्किटेक्टच्या कागदावर आलं की तोच जुना हिशेब चालत नाही. गोल तुळई नुसती वाकत नाही, ती पिळली जाते. आणि लाकूड पिळाला फार कच्चं असतं.

इथे ‘गोल’ म्हणजे वरून पाहिल्यावर गोल, नकाशात गोल. कमानीसारखी उभ्यात वळलेली तुळई हा वेगळा विषय आहे, त्यावर पुढे थोडंसं येईल.

आकडे घेऊनच बोलू. माळ्याची पुढची कड ३ मीटर त्रिज्येची, ९० अंशांची. तुळईची वळणावरची लांबी ४.७१ मी, दोन टोकांमधलं सरळ अंतर ४.२४ मी, आणि मधोमध कड त्या सरळ रेषेपासून ८८ सेंमी बाहेर येते. तुळई १५० × ३०० मिमी, सागाची, थर चिकटवून केलेली. साग आयएस ८८३ या लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या गटवारीत साधारण ब गटात बसतो. इलॅस्टिसिटी, म्हणजे लाकडाचा कडकपणा, १०,००० न्यूटन प्रति चौ. मिमी धरू. मागच्या भिंतीपासून तुळईपर्यंत कड्या आहेत आणि सरासरी १.२ मी रुंदीचा भार तुळईवर येतो. घरगुती वापराचा चालता भार आयएस ८७५ या भारांच्या मानकाप्रमाणे २ किलोन्यूटन प्रति चौ. मी, फळ्या-कड्या-फिनिशिंगचा १. त्यात तुळईचं वजन आणि कठडा मिळवला की तुळईवर मीटरला ४.४ किलोन्यूटन.

एक इशारा इथेच देतो. जुन्या पद्धतीने पाटांवर मातीचा थर द्यायचा असेल तर हा हिशेब पार बदलतो. चार इंच मातीचं वजन चौरस मीटरला दीड ते पावणेदोन किलोन्यूटन होतं, म्हणजे जवळजवळ चालत्या भाराइतकं, आणि ते कायम बसून राहणारं. वाड्याचा माळा दुरुस्त करताना माती ठेवायची की काढायची, हे कॉम्प्युटरवर तुळईचं मॉडेल उघडायच्या आधी ठरवा.

आता भार गुणिले त्रिज्येचा वर्ग: ४.४ × ९ = ३९.६. याला ‘क’ म्हणू. दोन्ही टोकं वाकायला मोकळी पण पिळाला धरलेली असतील, तर तुळईच्या मधोमध बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, ०.४१४ क येतो आणि टोकांना पीळ ०.२१५ क. म्हणजे १६.४ किलोन्यूटन-मीटर मोमेंट आणि ८.५ किलोन्यूटन-मीटर पीळ. हे गुणक पाठ करायची गरज नाही. अर्धा कोन ४५ अंश घ्या: मोमेंटचा गुणक म्हणजे त्याचा सीकंट वजा एक, आणि पिळाचा गुणक म्हणजे त्याचा टॅन्जंट वजा रेडियनमधला कोन.

वाकण्याचा ताण काढला तर ७.३ न्यूटन प्रति चौ. मिमी. सागाला हे सहज झेपतं. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये पहिला रकाना हाच असतो. पिळाचा ताण मात्र ५.१ न्यूटन येतो. ब गटाच्या लाकडाला आडव्या शिअरसाठी, म्हणजे तंतू एकमेकांवरून सरकवणाऱ्या ताणासाठी, मिळणारी मर्यादा एक न्यूटनच्याही आत आहे. म्हणजे वाकण्यात पास झालेली तुळई पिळात पाचपटीहून जास्त नापास. पिळाचा ताण तंतूंच्या लांबीने सरकवणारा असतो आणि लाकूड त्याच दिशेने चिरतं, हे कुऱ्हाडीने सरपण फोडणाऱ्याला सांगावं लागत नाही.

टोकांचंही पाहा. ८.५ किलोन्यूटन-मीटर पीळ ३०० मिमी उंचीच्या तुळईतून भिंतीत द्यायचा तर वरच्या आणि खालच्या बोल्टांमध्ये फार तर २२० मिमी अंतर मिळतं. प्रत्येक ओळीला ३९ किलोन्यूटन, म्हणजे चार टनांच्या आसपास ओढ, आणि तीही तंतूंना आडवी. नऊ इंची विटांच्या भिंतीत असा जोड होत नाही. कुसवाने तर मुळीच नाही.

सॉफ्टवेअर खोटं का बोलतं

खरं तर ते खोटं बोलत नाही, आपण त्याला लाकूड काय असतं ते सांगतच नाही. इलॅस्टिसिटी १०,००० आणि पॉयसन गुणोत्तर (ओढल्यावर पदार्थ आडवा किती आकसतो ते) ०.३ एवढं भरलं की शिअर मोड्युलस, म्हणजे पिळाला विरोध करणारा कडकपणा, सॉफ्टवेअर स्वतः काढतं: इलॅस्टिसिटी भागिले २.६. हे सूत्र पोलादाचं, म्हणजे सगळ्या दिशांनी सारख्या असलेल्या पदार्थाचं. लाकडात इलॅस्टिसिटी भागिले शिअर मोड्युलस हे १६ च्या आसपास असतं. युरोपात सी२४ दर्जाच्या सॉफ्टवुडला ११,००० आणि ६९० असे आकडे देतात, भागाकार करून पाहा. पॉयसन गुणोत्तर बदलून १६ आणायचं म्हटलं तर ते ७ भरावं लागेल, आणि ते कुठलंच सॉफ्टवेअर घेणार नाही. म्हणून शिअर मोड्युलस वेगळा भरता येत असेल तर ६२५ भरा. येत नसेल तर सेक्शनच्या टॉर्शन (पिळाच्या) स्थिरांकाला ०.१६ चा गुणक द्या, कारण २.६ भागिले १६ म्हणजे तेवढंच. शिअर एरियालाही तोच गुणक.

फरक किती पडतो? आपल्या तुळईचा मधोमध झोल, म्हणजे खाली येणं, चुकीच्या शिअर मोड्युलसने २९ मिमी येतो. बरोबर आकड्याने १०२ मिमी. त्यातला वाकण्याचा वाटा फक्त १५ मिमी, उरलेला ८७ मिमी निव्वळ पिळाचा. परवानगी आहे गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) २४० व्या भागाची, म्हणजे पावणेअठरा मिमी. २९ मिमी पाहणारा इंजिनीअर म्हणतो, थोडी उंची वाढवू. १०२ पाहणारा म्हणतो, हा आराखडाच बदलला पाहिजे. दुसरा बरोबर आहे.

यात एक फसवी गोष्ट आहे. आधी सांगितलेल्या आधारांच्या मांडणीत मोमेंट आणि पीळ समतोलातूनच ठरतात, शिअर मोड्युलसचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यामुळे दोन्ही मॉडेलांतले बलांचे आलेख अगदी एकसारखे दिसतात. चूक फक्त झोलात दिसते, आणि तीही शंका घेतली तरच.

नोड, तुकडे, आधार

गोल तुळई बहुतेक वेळा सरळ तुकड्यांनीच मॉडेल करायची असते. तुकडे जिथे जुळतात तो बिंदू म्हणजे नोड. चार तुकडे केले तर खरं वळण आणि सरळ तुकडा यांत मधोमध ५८ मिमी अंतर राहतं. १५ अंशांचे तुकडे केले तर २६ मिमी, म्हणजे इंचभर. कड्या वळणावर ४७१ मिमीवर ठेवल्या तर दर ९ अंशांवर एक कडी येते. प्रत्येक दोन कड्यांमध्ये आणखी एक नोड टाका, तुकडा ४.५ अंशांचा होतो आणि अंतर २.३ मिमी उरतं. सुताराच्या भाषेत एक सुताच्याही आत. वीस तुकडे झाले, यापेक्षा बारीक करून हाती काही लागत नाही.

भार नोडवरच दिला असेल तर प्रत्येक सरळ तुकड्यात पीळ स्थिर दिसेल आणि आलेख पायऱ्यापायऱ्यांचा होईल. ती चूक नव्हे. खरी किंमत पायरीच्या मध्यावर वाचा.

सगळ्यात जास्त गोंधळ आधारांत होतो. दोन्ही टोकांना नुसता पिन (फिरायला मोकळा आधार) दिला तर गोल तुळई टोकांच्या रेषेभोवती गडगडते, कारण सगळा भार त्या रेषेच्या एकाच बाजूला आहे. सॉफ्टवेअर अस्थिरतेचा इशारा देतं किंवा अवाढव्य फिरकी दाखवतं. मग घाईत टोक पूर्ण फिक्स केलं जातं, इशारा जातो, आणि तुळईला भिंत कधीच देणार नाही असा मोमेंट आधारात मिळतो. धरायचं असतं ते फक्त पिळाला. इथे दुसरा खड्डा: टोकांची रेषा मॉडेलच्या एका मुख्य अक्षावर ठेवली की ९० अंशांच्या तुळईची टोकं मुख्य अक्षांना ४५ अंशांनी तिरपी असतात. मुख्य अक्षाभोवतीची एक फिरकी धरली तर अर्धा पीळ आणि अर्धं वाकणं अशी खिचडी धरली जाते. तिरपा आधार वापरा, नाहीतर टोकाच्या तुकड्याला त्याच्या स्वतःच्या अक्षात मोमेंट रिलीज, म्हणजे वाकायची मोकळीक, द्या.

पाटांसाठी शेल, म्हणजे अखंड पृष्ठभाग, टाकायचा मोह टाळा. खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या म्हणजे अखंड स्लॅब नाही. शेल तुळईच्या नोडला जोडला की तो पीळ स्वतःकडे ओढून घेतो, झोल एकदम कमी दिसतो आणि मन समाधानी होतं. प्रत्यक्षात फळी-फळीतल्या फटी ते काम करत नाहीत. भार वाटण्यापुरता, कडकपणा जवळजवळ शून्य असलेला शेल ठेवा किंवा भार सरळ कड्यांवर द्या. कड्यांची दोन्ही टोकं हिंज. कडी तुळईच्या आतल्या अंगाला टांगली असेल तर ७५ मिमीचा ऑफसेटही द्या. त्याने मीटरला ०.२७ किलोन्यूटन-मीटर उलटा पीळ मिळतो. आपल्या बाजूचा आहे, पण गरज ५.५ ची आहे, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

मॉडेलवर विश्वास ठेवण्याआधी एक परीक्षा घ्या, दहा मिनिटांची. त्याच पद्धतीने अर्धवर्तुळाकार तुळई करा, दोन्ही टोकं पूर्ण फिक्स, सारखा भार. मधोमध मोमेंट ०.२७३ क, टोकांना उलटा मोमेंट बरोबर १.० क, आणि टोकांना पीळ ०.२९८ क यायला हवा. अर्धवर्तुळाची गंमत अशी की ही उत्तरं शिअर मोड्युलस काहीही असला तरी तीच राहतात. आली नाहीत तर तुकडे, अक्ष किंवा आधार यांत काहीतरी चुकलंय. त्यानंतर ९० अंशांच्या तुळईचा १०२ मिमी झोल जुळवून पाहा, म्हणजे लाकडाचे गुणधर्मही तपासले गेले.

मग करायचं काय

मधोमध एक खांब. माझं स्पष्ट मत आहे की एवढ्या वळणाला दुसरा कुठलाही उपाय शोधत बसू नये. खांब आला की तो एकटा १३.१ किलोन्यूटन घेतो, म्हणजे एकूण २०.७ पैकी जवळजवळ ६३ टक्के. टोकांचा पीळ ८.५ वरून ०.३३ किलोन्यूटन-मीटरवर उतरतो, पंचविसावा हिस्सा. पिळाचा ताण ०.२ न्यूटन होतो. खांबावर उलटा मोमेंट ३.३, गाळ्यात १.७. तुळई १५० × ३०० ची राहिलीच पाहिजे असंही नाही, थोडी लहान चालेल. आर्किटेक्टला खांब नको असतो, हे ठाऊक आहे. त्यांच्यापुढे १०२ आणि ०.३३ हे दोन आकडे ठेवा.

खांब अजिबातच शक्य नसेल तर कड्यांनाच पीळ घ्यायला लावता येतो. कडी तुळईला मोमेंट घेईल अशी जोडायची, म्हणजे तुळई फिरायला लागली की कडी तिला धरते. पण मग कडीचं भिंतीतलं टोक वर उचललं जातं आणि तुळईवरचा भार वाढतो. २.४ मीटर लांबीच्या कड्या धरल्या तर आपल्या तुळईचा मोमेंट १६.४ वरून १८ च्या जवळ जातो आणि मधल्या कड्यांच्या जोडात प्रत्येकी पावणेतीन ते तीन किलोन्यूटन-मीटर येतात. कडीला ते झेपवता येतं, जोडाला अवघड जातं. लोखंडी पट्ट्या वर-खाली, आरपार बोल्ट, आणि लाकूड सुकून बोल्ट सैल झाले की सगळा कडकपणा गेला. हा मार्ग घ्यायचाच असेल तर जोड मॉडेलमध्ये फिक्स न ठेवता स्प्रिंग म्हणून घाला, आणि भिंतीतलं टोक वर उचललं जाणार नाही असं बांधून घ्या. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या भागाने सोसला तिथे कड्या भिंतीला बांधलेल्या असणं एरवीही हवंच.

तुळई तयार करताना

अखंड ओंडक्यातून गोल तुकडा कापून घेणं हा सुतारांचा पहिला विचार असतो. त्यात तंतू तुटतात. ३ मीटर त्रिज्येला ६०० मिमी लांबीचा तुकडा कापला की टोकांशी तंतूंचा तिरपेपणा १० ला १ होतो, आणि आयएस ८८३ तिथे ताकद ०.८ वर आणतं. १५ ला १ च्या आत राहायचं तर तुकडा ४०० मिमीचा. अशा आखूड तुकड्यांचे जोड एकाआड एक ठेवून थर रचता येतात, पण मुख्य तुळईसाठी ते नको. कठड्याच्या वरच्या पट्टीला ठीक.

थर वाकवून चिकटवायचे तर १५ मिमी जाडीच्या, ३०० मिमी रुंदीच्या दहा फळ्या उभ्या लावून वाकवायच्या. आतली त्रिज्या २९२५ मिमी, जाडीने भागली तर १९५. युरोपीय नियमात २४० च्या वर ताकदीत कपात नसते. खाली असेल तर ०.७६ अधिक गुणोत्तराचा हजारावा भाग. इथे ०.९५५. अमेरिकन सूत्रानेही ०.९४७ येतं, म्हणजे पाच टक्क्यांची कपात धरा. ३० मिमीच्या फळ्या वाकवण्याचा हट्ट नको. त्रिज्येच्या शंभराव्या भागाची ती कठीण लाकडाची टोकाची मर्यादा आहे, आणि सागात लहानशी गाठ असली की तिथेच चरचरतं.

साच्यातून काढल्यावर तुळई थोडी उघडते. साधारण प्रमाण: एक भागिले थरांच्या संख्येचा वर्ग. दहा थरांना एक टक्का, म्हणजे मधल्या ८८ सेंमी फुगवट्यात ९ मिमी. साचा २९७० मिमी त्रिज्येचा करा. पाच जाड थर घेतले तर हेच चार टक्के होतं. क्लॅम्प २०० मिमीवर, आत-बाहेर दोन्हीकडे पट्टी लावून. फर्निचरचा पांढरा गोंद इथे चालत नाही, कायमच्या भाराखाली तो हळूहळू सरकतो. रिसॉर्सिनॉल किंवा स्ट्रक्चरल पॉलियुरेथेन घ्या.

ओलाव्याबद्दल इथे जास्त लिहायला हवं, कारण सातारा-सांगलीत दोन वेगळी हवामानं शेजारी राहतात. महाबळेश्वर, कोयनेकडे पावसाळाभर हवा चिंब. माण, खटाव, आटपाडी, जतकडे वर्षाचा मोठा भाग कोरडा. एकाच वखारीतलं लाकूड पश्चिमेकडे १८ टक्क्यांपर्यंत ओलावा धरेल आणि पूर्वेकडे उन्हाळ्यात ८ पर्यंत उतरेल. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, आडवं हलतं, त्यामुळे गोल तुळईचा कोनच बदलतो. फुगली की उघडते, सुकली की मिटते. १२ वरून १८ टक्क्यांवर गेली आणि आडवी फूग टक्क्याला ०.१५ टक्के धरली तर वळण ०.९ टक्क्याने बदलतं. आपल्या फुगवट्यात जवळजवळ ८ मिमी. मॉडेलमध्ये हे घालायचं तर तुळईच्या जाडीच्या दिशेनेच ताण देता आला पाहिजे. साध्या फ्रेम मॉडेलमध्ये ते होत नाही, तिथे वरचा हिशेब हाताने करून टोकांना तेवढी जागा सोडा. भिंतीत खाच घट्ट भरली तर पहिल्याच पावसाळ्यात गिलावा फुटतो. मधल्या खांबाचा वरचा बोल्टही त्रिज्येच्या दिशेने लांबट भोकात असावा.

लाकूड कायमच्या भाराखाली सावकाश झोलतं, तेही धरा. कायम भाराच्या झोलात कोरड्या बाजूला ०.६ पट, दमट बाजूला ०.८ पट आणखी मिळवा. कंपनांचीही चाचणी घ्या: १८ भागिले कायम भाराच्या झोलाच्या मिलीमीटरचं वर्गमूळ. राहत्या घराला ८ हर्ट्झच्या वर हवं. बिनखांबी तुळईला ते २.६ येतं, म्हणजे कोणी चाललं की कपाटातली भांडी वाजतील.

उभ्यात वळलेल्या तुळईत पीळ नसतो, तिथे तंतूंना आडवी ओढ पाहायची: दीडपट मोमेंट भागिले त्रिज्या, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार. मोमेंट वळण सरळ करू पाहत असेल तरच ही ओढ, उलट दिशेचा असेल तर दाब. माळ्याच्या कमानदार तुळयांवर वरून भार असतो, म्हणजे ओढच. ६ मीटर त्रिज्येला आणि आपल्याच मोमेंटला ती ०.०९ न्यूटन येते, लहान आहे. भोकं आणि खाचा मात्र वळणाच्या भागात पाडू नका.

खांबाचा पाय थेट फरशीत गाडू नका. वाड्यांमध्ये खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, ते कारणाशिवाय नव्हे. सांगलीत कृष्णेकाठच्या भागात २००५, २०१९ आणि २०२१ ला घरांत पाणी आलं. तिथे तळखडा उंच घ्या, खांब आणि दगड यांत गॅल्व्हनाइज्ड प्लेट ठेवा, आणि खांबाच्या बुडाशी ओलावा मोजायला जागा उघडी ठेवा. खांब कुजून काही मिमी खचला की तुळईतला पीळ परत येतो, म्हणून मॉडेलमध्ये मधल्या आधाराला ५ मिमी खचण दिलेली एक केस चालवून ठेवा.